सांवेरच्या शाखेतलं जुनं पान

क्षितिजा फणसे इंदूरच्या भंवरकुआं भागातल्या एका कोचिंग संस्थेत नेटवर्क सांभाळते. आधी ती पॉलिटेक्निकमध्ये शिकवायची. मुलीच्या जन्मानंतर ते सुटलं. पुढे ही नोकरी मिळाली, तेव्हा तिच्या वडिलांना, दौलतरावांना वाटलं होतं, वायरी जोडायचं काम असेल.

काम बरंच किचकट निघालं. संस्थेच्या शाखा आसपासच्या गावांत, आणि सांवेरसारख्या ठिकाणी इंटरनेट रडतखडत चालणारं. म्हणून प्रत्येक शाखेत तिने एकेक प्रॉक्सी सर्व्हर बसवला. व्हिडिओ, नोट्स, नोटिसा, सगळ्याची प्रत तो आपल्याजवळ ठेवतो आणि मुलांना तिथल्या तिथे दाखवतो. मुख्य सर्व्हरवर काही बदललं, की शाखांना निरोप जातो: जुनी प्रत टाका, नवी घ्या.

मार्चमध्ये संस्थेची स्कॉलरशिपची परीक्षा होती, पोलोग्राउंडच्या एका हॉलमध्ये. आदल्या दुपारी तिथे पाण्याची लाइन फुटली. संस्थेचे संचालक रजतजी यांनी परीक्षा भंवरकुआंला संस्थेतच हलवली, क्षितिजाने नोटीस बदलली, निरोपही गेला.

रविवारी सकाळी तिला श्रेयाचा फोन आला. श्रेया सांवेर शाखेतली विद्यार्थिनी, पण त्या दिवशी इंदूरला मावशीकडे होती.

"मॅडमजी, माझ्या मोबाइलवर भंवरकुआं दिसतंय. पण आमची बस पोलोग्राउंडला निघाली ना! सही कौनसा है?"

"भंवरकुआं. तू सीधी तिकडेच ये," क्षितिजा म्हणाली आणि लॅपटॉप उघडला.

बाकी सगळ्या शाखांत नवी नोटीस होती. फक्त सांवेरचा सर्व्हर पोलोग्राउंडवर अडून बसला होता. शनिवारी निरोप गेला, तेव्हा तिथे लाइट नव्हती आणि सर्व्हर बंद होता. संध्याकाळी तो सुरू झाला आणि जवळची जुनी प्रत बिनधास्त दाखवत राहिला. तिने ती प्रत लगेच पुसली. पण बस केव्हाच निघाली होती, आणि मुलांसोबत गेलेले श्रीकृष्ण सर फोन उचलत नव्हते.

ती स्वतः भंवरकुआंला, शहराच्या दुसऱ्या टोकाला. तिने घरी फोन लावला, रामबागेत; तिथून पोलोग्राउंड जवळ.

"बाबा, स्कूटर काढा. पोलोग्राउंडला हॉलच्या गेटवर जाऊन उभे रहा. सांवेरची बस येईल, तिला थांबू देऊ नका. भंवरकुआंला पाठवा."

"निघालोच बघ," दौलतराव म्हणाले. का, कशाला, काही विचारलं नाही.

रजतजी तिच्या टेबलाशी येऊन उभे राहिले. "गलती किसकी, ते नंतर बघू. पेपर थोडा उशिरा सुरू करू, पण मुलं यायला हवीत."

मग बाबांचा फोन आला. मागे मुलांचा गलका ऐकू येत होता.

"अगं, मिळाली बस! सगळे उतरून कुलूप बघत उभे होते. ड्रायव्हर म्हणाला, भिया, मुझे तो यहीं का बोला था. मी म्हटलं, चल, आता माझ्या स्कूटरच्या मागे ये."

क्षितिजाला हसू फुटलं आणि डोळेही भरून आले. बस आली तेव्हा ती फाटकात उभी होती. तिने मुलं मोजली नाहीत, नुसती पाहत राहिली. शेवटी चुरगळलेल्या शर्टात श्रीकृष्ण सर उतरले. त्यांचा फोन बॅगेत म्यूटवर पडला होता.

दुसऱ्या दिवशी रजतजी म्हणाले, "हे प्रती ठेवणंच बंद करून टाकू या ना."

"मग सांवेरला एकही व्हिडिओ चालणार नाही, सर. प्रती राहू द्या, त्यांना मुदत घालते. मुदत संपली किंवा सर्व्हर बंद पडून पुन्हा सुरू झाला, की त्याने आधी मुख्य सर्व्हरला विचारायचं, काही बदललंय का? विचारता आलं नाही, तर नोटीस दाखवायचीच नाही. शाखेत फोन करा, एवढंच लिहायचं."

हे बसवल्यावर तिने सांवेरच्या ऑफिसला सर्व्हर बंद करायला सांगितलं. तेवढ्यात एक नोटीस बदलली आणि सर्व्हर पुन्हा चालू करवला. श्रेया तिथे शाखेतच बसली होती. क्षितिजाने तिला फोनवर विचारलं,

"काय दिसतंय?"

"आधी 'शाखेत फोन करा' असं आलं, मॅडमजी. आणि आता... नवीन वाली आली."

क्षितिजाने खुर्चीत पाठ टेकली. पुढच्या शनिवारी पुन्हा सांवेरची लाइट गेली, तेव्हा ती मुलीला घेऊन बागेत होती, आणि तिने फोन पर्समधून काढलाही नाही.