सुमनमावशींनी मागितलेलं एक मिनिट

सुमनमावशी गेल्याचा फोन आला, तेव्हा माझ्या तोंडून पहिला प्रश्न निघाला, "दार फोडलंय का?" बिल्डिंगची मॅनेजर गोंधळली. म्हणाली, नाही, झोपेतच गेल्या, हार्ट अटॅक... रडू मला नंतर आलं. आधी हायसं वाटलं, याची आजही लाज वाटते.

इथे अमेरिकेत, अर्विंगच्या आमच्या अपार्टमेंटमध्ये त्या तळमजल्यावर एकट्या राहायच्या, डबे करायच्या. दिवसभर घरी, म्हणून सगळ्यांची पार्सलं त्यांच्याकडे. आत काय आहे हे विचारणं त्यांच्या शेजारधर्मात बसत नव्हतं. वरच्या एका भाडेकरूनं त्यांच्या पत्त्यावर मागवलेल्या पार्सलांत ड्रग्ज निघाली. पोलिसांनी फक्त पार्सलवरचा पत्ता दाखवला, जजनी नो-नॉक वॉरंटवर सही केली, आणि दोन वर्षांपूर्वी एका सकाळी दार न वाजवता, थेट फोडून माणसं आत शिरली. मावशी पोळ्या लाटत होत्या. हातात लाटणं, समोर बंदुका. ते काय ओरडताहेत हेच त्यांना कळेना... हातातून लाटणं गळून पडलं म्हणून वाचल्या. मी खाली धावले तेव्हा एवढंच म्हणाल्या, "अगं, बेल वाजवली असती तर मी उघडलं नसतं का?"

त्यानंतर त्या दाराला कडी लावेनात. पुन्हा आले तर फोडायला नको! मग त्यांनी सिटी कौन्सिल धरलं. मागणी साधी. पार्सलवरचा माणूस तिथे राहतो का, हे जजनी विचारावं. पोलिसांनी दार वाजवावं, आपण कोण ते सांगावं आणि एक मिनिट थांबावं. "माझ्या गुडघ्यांना ओट्यापासून दारापर्यंत तेवढं लागतंच." मी त्यांना गाडीतून न्यायचे आणि मागच्या रांगेत गप्प बसायचे. नवरा बजावायचा, "यार, ग्रीन कार्ड पेंडिंग आहे, पोलिसांच्या विरोधात आपलं नाव नको." भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात ते खोटं नाही. मावशी ओळखून होत्या. "तू नुसती ड्राइव्ह कर, बोलायचं मी बघते."

त्यांचं घर आवरताना फ्रिजवर पुढच्या सभेच्या भाषणाचा कागद सापडला. भाषण इंग्रजीत, पण अक्षरं देवनागरी: "प्लीज नॉक. प्लीज वेट." कौन्सिलमध्ये ते वाचू शकणारी मी एकटीच होते. गेल्या मंगळवारी माइकपाशी उभी राहिले. पहिल्या रांगेत पोलीसप्रमुख. क्लार्क म्हणाली, आधी नाव आणि घरचा पत्ता सांगा. माझी मुलगी ज्या दारामागे झोपते, त्याचा नंबर मी त्यांच्यादेखत मोठ्यानं सांगितला. मग कागद वाचला.

मावशींच्या मागणीवरचं मतदान पुढच्या महिन्यावर ढकललं गेलंय. कागद माझ्या पर्समध्ये आहे. पुन्हा जायचंय, पुन्हा पत्ता सांगायचाय.