लांडगा होताना

काल दुपारी टीव्हीवर पौर्णिमेला लांडगा होणाऱ्या माणसाचा सिनेमा लागला होता. त्याच्या मनगटांवर भराभर केस उगवायला लागले, तशी सुट्टीला आलेली भाचेमंडळी खिदळली. माझी बारा वर्षांची मुलगी हसली नाही. तिने डोळेही झाकले नाहीत. तिने फक्त शर्टाच्या बाह्या बोटांपर्यंत ओढून घेतल्या. ऐन मे महिन्यात पूर्ण बाह्यांचा शर्ट! इतके दिवस मला ते तिचं खूळ वाटत होतं.

तिच्या वयाची असताना मीही बाथरूमची कडी लावून स्वतःकडे अशीच भीत भीत बघायची. काल नव्हतं ते आज अंगावर कुठून आलं? आपल्याला काहीतरी भयंकर झालंय, घरात कळलं तर काय? मग एके दिवशी रक्त दिसलं. आईने कारण न सांगता कोपऱ्यात वेगळी चटई टाकली आणि म्हणाली, "कशाला शिवू नकोस." मग दर महिन्याला तेच. घरातले मला वळसा घालून जायचे, आणि मला खरंच वाटायचं, मी चावेन म्हणूनच हे घाबरतात.

पडद्यावर तो माणूस हात जोडून गावाला विनवत होता, मला कोंडून ठेवा.

"आई," मुलगी हळूच म्हणाली, "असं होणार हे त्याला आधी कुणीच सांगितलं नव्हतं?"

ती पडद्याकडे बघत नव्हती. माझ्याकडे बघत होती.