नीतिशास्त्राचा पेपर

बेळगुंदीच्या नागोजीला पुण्याच्या कॉलेजात धाडलं ते मामलेदार व्हायला. आई राजाबाई विधवा. चार एकर भात स्वतः लावून ती त्याला शिकवत होती आणि मामलेदाराहून मोठा साहेब असतो हे तिच्या गावीही नव्हतं. नागोजीचं चित्त मात्र कुठंच लागेना. गणितानं त्याला छळलं, इतिहासानं झोप आणली. मग नीतिशास्त्राचे प्रोफेसर वर्गात आले आणि त्यांनी विचारलं, "कुणी बघत नसताना माणसानं खरं का वागावं?" झालं! गडी त्या प्रश्नानं असा पछाडला, की पुढ्यातलं ताट थंड व्हायचं. जन्मभर हेच शिकायचं आणि हेच शिकवायचं, असं त्यानं ठरवून टाकलं. तोवर इतका सुखी तो कधीच नव्हता.

तो प्लेगचा काळ. घरात उंदीर मरून पडला की पाटलाला कळवायचं आणि अख्ख्या गावानं घरं सोडून माळावर झोपड्या घालायच्या, ही रीतच पडली होती. शिवाय उंदीर पडलेल्या गावच्या माणसाला दहा दिवस आगगाडीत पाय ठेवू देत नसत.

बी. ए.च्या परीक्षेआधी नागोजी दिवाळीला घरी आला. परत निघायच्या दिवशी सकाळी कणगीमागं मेलेला उंदीर त्याला दिसला. राजाबाईनंही पाहिला. तिनं तो चिमट्यानं उचलून उकिरड्यात पुरला, हात धुतले आणि लेकापुढं भाकरी ठेवली.

"आई, पाटलास्नी सांगाय पायजे."

"सांगीन की. तुझी गाडी सुटंस्तवर ऱ्हाऊ दे."

नागोजी गप्प बसला. त्याच्या ह्या गप्प बसण्याचा मला संताप येतो, आणि त्याच्या जागी असतो तर मीही भाकरीच खाल्ली असती. आईच्या पाया पडून तो निघाला. स्टेशनवर डॉक्टरनं विचारलं, गावात उंदीर पडलाय का? त्यानं नाही म्हणून मान हलवली. पेपरात पहिलाच प्रश्न सत्य बोलण्याच्या कर्तव्यावर आला. त्यानं पुरवण्या जोडजोडून लिहिलं.

राजाबाईनं पाटलाला सांगितलंच नाही. सांगितलं तर पोराला पुण्याहून ओढून आणतील, ही तिची भीती. पाचव्या दिवशी तिच्या जांघेत गाठ आली. शेजारच्या भरमूची बायको रुक्माबाई तिला पेज पाजत उशाशी बसली. आधी राजाबाई गेली, मग रुक्माबाई, मग तिच्या दोन्ही मुली.

नागोजी परतला तेव्हा गाव माळावर होतं. भरमूनं त्याला आपल्याच झोपडीत घेतलं, आपल्यातली भाकरी दिली. दोन महिने नागोजी ती खात राहिला. आज सांगू, उद्या सांगू करायचा, आणि रोज भरमू म्हणायचा, "मावशी एकटी न्हाय गेली रं. रुक्मी हुती की तिच्यापाशी."

निकाल लागला. नीतिशास्त्रात नागोजी पहिला आला होता. कॉलेजात शिकवायला ये, असं प्रोफेसरांचं पत्र आलं. त्या पत्राला त्यानं कधीच उत्तर धाडलं नाही. गावच्याच शाळेत तीस वर्षं मास्तरकी केली. लोक त्याला खुळा म्हणत. खरं कारण एकट्या भरमूला ठाऊक होतं.

पत्र आलं त्या दुपारी नागोजी भरमूपुढं जाऊन बसला आणि एका दमात सगळं बोलला. पहिला उंदीर आमच्यात पडला. आईनं पुरला. मी बघितला. परीक्षा बुडू नये म्हणून गप्प बसलो.

भरमू चुलीतलं लाकूड पुढं सारत राहिला. आता हा कुऱ्हाड उचलणार, असं नागोजीला वाटलं. उचलली असती तर त्याला हवीच होती.

"मग पास झालास न्हवं?" भरमूनं विचारलं.

"व्हय."

"बरं झालं," भरमू म्हणाला. "न्हायतर समदी फुकटच गेली असती की रं."