पापणीला चुना

दुपारपासून लिहू लिहू म्हणतोय, पण टाळत बसलो.

सकाळी दोस्ताच्या गाडीवर मागं बसून चौसाळ्याला गेलतो. बाभळीची फांदी तोंडावर आली आन पापणी फाटली. हाटेलावर थांबलो (तिथली भजी लई भारी हायेत), तर आमच्या गल्लीतले बबनमामा तंबाखूची डबी काढून हजर.

"हालू नको बे. चुना लावला की रगत बंद."

बाकड्यावरचे सगळे शहाणे माना हलवायले. एवढी अक्कल एका जागी मी पयल्यांदाच पाहिली.

मी पळालो. डॉक्टरनं टाके घातले. म्हणले, चुना आत गेला असता तर डोळा भाजला असता.

तुमच्याकडंबी असले फुकटचे सर्जन हायेत का?

थांबा, दारात बबनमामाच आलेत, मामीला धरून. सरपणाची काडी लागली म्हणून तिच्या पापणीला चुना लावला, तो डोळ्यात उतरलाय. पाणी आणायला पळतोय.