दाढी आणि समुद्र

अंदमानला जायचं हे आमच्या घरात टीव्हीने ठरवलं. कावेरीकाठच्या आमच्या तमिळ गावात, मराठ्यांच्या जुन्या राजवाड्यामागच्या बोळात तेव्हा नुकतीच केबल आली होती, आणि जे जे दिसेल ते सगळं डोळे फाडून बघायचा तो काळ होता. एका दुपारी कुठल्याशा परदेशी चॅनेलवर तोंडाला काचेचा मुखवटा लावलेली माणसं समुद्राच्या तळाशी प्रवाळांतून हिंडत होती. बायको माझ्याशेजारी बसून मुरुंगैची, म्हणजे शेवग्याची, पानं निवडत होती. तिचा हात थांबला.

"खालीं गेल्यावर श्वास कसा घेतात हो?" तिने विचारलं.

प्रश्न साधा होता, पण मी तो ऐकून अक्षरशः दचकलो. कारण कित्येक महिन्यांत तिने मला कसलाच प्रश्न विचारला नव्हता. दोनदा आमच्या घरी पाळण्याची आशा लागली होती आणि दोन्ही वेळा तिसऱ्या महिन्यातच सगळं संपलं होतं. दुसऱ्या खेपेनंतर ती गप्प झाली. "वाढूं का", "दार लावा", एवढ्यावर आमचा संसार चालला होता. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, मुलाचा विचार काही दिवस बाजूला ठेवा, कुठेतरी फिरून या. आमच्यात कुठेतरी फिरून येणं म्हणजे तिरुपती, नाहीतर रामेश्वर. ते नाव काढलं की ती म्हणायची, "मला आतां कुणाकडे कांहीं मागायचं नाहीं." देवावर रुसलेल्या बाईला देवळात कसं न्यायचं?

समुद्राच्या तळाशी मात्र देऊळ नव्हतं. तिथे नेता येत होतं.

मग मी पेटलो. माझा स्वभावच तसा आहे, एकदा डोक्यात घेतलं की घरच्यांना पळवून सोडतो. सरकारी नोकरीमुळे प्रवासाची सवलत होतीच. मद्रासहून जहाज, पोंगलच्या सुट्टीला जोडून रजा. कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथमधून मी पोर्ट ब्लेअरला फोन लावायचो आणि काचेच्या खोक्यात घाम गाळत ओरडायचो. पलीकडचा माणूसही ओरडायचा. नळी तोंडात धरून पोहायचं, शिडाच्या होडीत बसायचं, पाण्यावर पळणारी स्कूटर चालवायची, असं सगळं आम्ही ठरवलं. दोघांनी मिळून ठरवलं, हे महत्त्वाचं. "मासे चावतात का? साडी नेसून कसं उतरायचं?" असं ती विचारायला लागली. एका सकाळी मी श्वास कोंडायचा सराव म्हणून पाण्याने भरलेल्या पितळी घंगाळात डोकं बुडवून बसलो होतो. अम्माला, म्हणजे माझ्या आईला, वाटलं मला फेफरं आलं. तिने मागून मानगूट धरून मला वर ओढलं, आणि न्हाणीच्या दारात उभी राहून बायको पोट धरधरून हसली. त्या हसण्यासाठी मी दिवसभर घंगाळात बसायला तयार होतो.

पोहता मात्र मला येत नव्हतं. कावेरीच्या मुलखात जन्मून पोहता न येणं ही आमच्या सासुरवाडीत थट्टेची बाब होती. तिरुवैयारुला माझा मेहुणा, बायकोचा थोरला भाऊ, मृदंग शिकवायचा. त्याने मला शिकवायचं पत्करलं. दर रविवारी मोपेडवर बायकोला मागे बसवून भाताच्या शेतांमधून आम्ही तिकडे जायचो. तो घाटाच्या पायरीवर बसून मांडीवर ताल धरायचा आणि मी त्या तालावर पाय मारायचे. "मापिळ्ळै, लय सुटली!" असं तो ओरडायचा. मापिळ्ळै म्हणजे जावई. हा मान तमिळ घराइतकाच आमच्या घरातही चालतो, फक्त मला तो नाकातोंडात पाणी गेल्यावरच मिळायचा. बायको आधी नुसती पाय सोडून बसायची. पुढे तीही माझा हात धरून गळ्यापर्यंत पाण्यात उतरू लागली.

अम्माचीही या बेताला काही हरकत नव्हती, उलट उत्साहच होता. जहाजावर काय मिळेल कोण जाणे म्हणून तिने चिंचेच्या भाताचा मसाला परतून बाटल्या भरायचं ठरवलं होतं. शेजारणींना ती सांगत फिरायची, "आमची पोरं कडलाखालीं जातात." कडल म्हणजे समुद्र. तो शब्द ती अशा थाटात उच्चारायची की जणू तो आमच्याच मालकीचा आहे.

आणि मग कार्तिकातल्या एका रविवारी सकाळी, मी आरशासमोर तोंडाला साबण फासून एक गाल उरकून बसलेला असताना, ती मागे येऊन उभी राहिली.

"आजपासून दाढी करूं नको," ती म्हणाली. "डोईचे केसही कापूं नको. आणि कडलांत पाय घालायचा नाहीं. जहाजाचं रद्द करून टाक."

वस्तरा तसाच हातात धरून मी कारण विचारलं. "काय मणून?"

"काय मणून मणून मलाच विचारतोस? तुला माहीत नाहीं कीं काय?" असं म्हणून ती गालातल्या गालात हसली आणि आत गेली.

त्या हसण्याने माझं डोकंच फिरलं. इतके महिने तोंडभर कौतुक, आणि आता ऐन वेळी समुद्र ओलांडायची बंदी! हिला कुणीतरी शास्त्र शिकवलं असणार, नाहीतर ज्योतिषाने काहीतरी भरवलं असणार. मी जरा मोठ्यानेच म्हणालो की याच घराण्यातली माणसं मराठी मुलखातून घोड्यावर बसून एवढ्या लांब आली, तेव्हा त्यांना कुणी दाढीचे नियम घातले नव्हते. बायको मागच्या अंगणात होती, तिच्याशी बोलायला जावं तर तिचा हिरमुसलेला चेहरा बघवला नसता. बेत मोडला तर ती पुन्हा गप्प होईल, ही एकच भीती मला होती. मी साबण पुसला आणि अर्धवट दाढीनेच मोपेड काढली.

मेहुण्याकडे शिकवणी चालू होती. मी ओसरीवर बसून त्याच्यापुढे सगळा राग ओकला. समुद्राचं सांगितलं, दाढीचं सांगितलं, म्हातारपणी माणसं कशी विचित्र वागतात तेही सांगितलं. तो आधी मान डोलवत ऐकत होता. मग त्याने मृदंगावरचा हात उचलला.

"मापिळ्ळै, दाढीही नको आणि समुद्रही नको? दोन्ही एकदमच सांगिटलं?"

"हो, एकदमच."

"बायकोला नाहीं, तुम्हांला सांगिटलं?"

"मलाच."

"तर मग सांगा बघूं, हीं दोन्हीं एकाच माणसाला कधीं वर्ज्य असतात?"

आमच्याकडे बायको गरोदर असली की नवऱ्याने दाढी करायची नसते, केस कापायचे नसतात, समुद्रात स्नान करायचं नसतं. हे मला ठाऊक होतं. कचेरीतला एखादा चारचौघांसारखा माणूस दाढी वाढवून यायला लागला की आम्हीच एकमेकांना कोपर मारायचो. फक्त तो माणूस मी असू शकतो, हे माझ्या ध्यानातच आलं नाही.

अम्माला कसं कळलं, ते मात्र मला लगेच उमगलं. महिन्याचे ते दिवस आमच्या घरी बायका मागच्या खोलीत बाजूला बसत. सून बाजूला बसली नाही हे सासूच्या नजरेतून सुटणं शक्यच नव्हतं. मी त्याच घरात राहत होतो, पण माझं सगळं लक्ष पोर्ट ब्लेअरला होतं.

परतीची वाट कशी संपली ते मला आठवत नाही. बायको अंगणात तांदूळ निवडत बसली होती. मी नुसता समोर जाऊन उभा राहिलो. तिने माझ्या अर्ध्या दाढीकडे बघितलं आणि तिला समजलं की मला समजलं.

"मला का नाहीं सांगिटलंस?"

"सांगिटलं तर ह्याही वेळीं जाईल असं वाटलं," ती म्हणाली. "आणि तुम्ही एवढे आनंदांत होता. तो मोडूं कसा?"

मी तिच्यासाठी आनंदात होतो आणि ती माझा आनंद सांभाळत होती! मला हसू आलं, आणि हसता हसता रडू आलं. दुसऱ्याच दिवशी जहाजाचं रद्द केलं. त्याचं मला तेव्हा वाईट वाटलं नाही आणि पुढेही कधी वाटलं नाही.

त्यानंतर दाढी वाढत गेली आणि तिच्याबरोबर धास्तीही. कचेरीत लोक कोपर मारू लागले, ओळख नसलेले ती यात्रेच्या व्रताची दाढी समजून "शबरीमलैला का?" विचारू लागले. मी मान डोलवायचो. तिसरा महिना भरत आला तेव्हा बायको अंथरुणावरून उठतानाही भिंत धरायची आणि मी दाराबाहेर उभा राहून तिच्या पावलांचा आवाज ऐकायचो. तो महिना गेला. चौथा लागला. एका सकाळी तिने अम्माकडे आपणहून कैरीचं लोणचं मागितलं आणि आम्हा तिघांचाही जीव थोडा भांड्यात पडला. सातव्यात बांगड्या भरून ती माहेरी गेली.

आषाढात कावेरीला नवं पाणी आलं होतं. तिरुवैयारुच्या लहानशा दवाखान्याबाहेर मी, अम्मा आणि मेहुणा बाकावर बसलो होतो. आतून आवाज येत होते, मग येईनासे झाले. मी गुडघे घट्ट धरून बसलो. आणि मग रडणं ऐकू आलं, चांगलं खणखणीत, रागावलेलं. नर्सने दार किलकिलं करून सांगितलं, मुलगी, दोघीही सुखरूप आहेत.

मी आत धावणार तोच अम्माने दंड धरला. "आधीं नदीवर जा. अंगावरच्या कपड्यांसकट उडी मार, मग येऊन तोंड बघ." मूल झाल्याचं कानी पडताच बापाने तशीच पाण्यात उडी घ्यायची, अशी रीत होती.

"ते मुलगा झाला तर ना?" मेहुणा म्हणाला.

"कुणी सांगिटलं? बाप तो बाप," अम्मा म्हणाली. "पळ रे!"

मी पळालो. चपला कुठे गळल्या कळलं नाही. घाटावर बायका धुणं धूत होत्या, कुणी आंघोळ करत होतं. वरच्या पायरीवरून मी धोतर-सदऱ्यासकट, त्या एवढ्या दाढीसकट स्वतःला झोकून दिलं. थंड पाणी डोक्यावरून गेलं आणि इतक्या महिन्यांचं सगळं एकदमच फुटलं. पाण्याखाली माणूस किती रडतो ते कुणाला दिसत नाही.

वर आलो तेव्हा घाटावरचं धुणं थांबलं होतं. कपड्यांसकट बुडालेला माणूस म्हणजे काय, हे तिथे कुणाला सांगावं लागत नव्हतं. एका म्हातारीने पिळलेलं लुगडं खांद्यावर टाकलं आणि तमिळमध्ये हाक मारून विचारलं, काय झालं, मुलगा की मुलगी?

"मुलगी!" मी ओरडलो, आधी मराठीत, मग तमिळमध्ये. मला मुलगी झाली हे मी पहिल्यांदा त्या अनोळखी बाईला सांगितलं.