मालनच्या डोळ्यांतलं पाणी

“आवं डागदर, हिच्या डोळ्यांत पानीच येत न्हाई,” सोनाबाईनं लेकीला माझ्यासमोरच्या स्टुलावर बसवत सांगितलं. “कायबी करा, पन लग्नाच्या आत आना.”

“लग्नाचा काय संबंध, मावशी?”

“मंग वाटं लावताना ही रडनार कशी? कोरड्या डोळ्यांनी गाडीत बसली तर सासरची म्हनतील, पोरीला आईबापाची मायाच न्हाई. आन् आमची भावकी काय गप बसंल व्हय?”

लेक, मालन, मान खाली घालून हसत होती.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. मोठा दुष्काळ नुकताच सरला होता. मी मूळचा साताऱ्याचा. शिकून बाहेर पडलो आणि आटपाडी तालुक्यातल्या एका गावात आयुर्वेदिक दवाखान्यात रुजू झालो. तिथं काय घडलं हे मी आजवर बायकोलासुद्धा सांगितलेलं नाही.

मालनला तपासलं. डोळे लाल. आत वाळू गेल्यासारखं खुपतंय. सकाळी पापण्या चिकटतात. दुष्काळी कामावर ती खडी फोडायला जात होती. धूळ, ऊन आणि तोंडावर येणारा वारा. आमच्या शास्त्रात याला शुष्काक्षिपाक म्हणतात. नाव मोठं आहे, अर्थ साधा: डोळा कोरडा पडून जळजळणं.

आता डोळा ओला ठेवणारं पाणी वेगळं आणि रडू फुटल्यावर येणारं पाणी वेगळं. पहिल्यावर माझ्याकडे औषध होतं, दुसऱ्यावर नव्हतं. एवढं एक वाक्य मी सोनाबाईला सांगायला हवं होतं. पण व्हरांड्यात पेशंट बसले होते आणि सगळे कान देऊन ऐकत होते. गावाचा भरवसा शेजारच्या गावातल्या इंजेक्शनवाल्या डॉक्टरवर. माझ्याकडे लोक यायचे ते त्याचा दवाखाना बंद असला की. मी आवाज चढवून म्हणालो, “येईल की पाणी. न यायला काय झालं?”

उपचार ठरवला तर्पणाचा. म्हणजे असं: झाडाला पाणी घालायला जसं आळं करतो, तसं डोळ्याभोवती उडदाच्या पिठाचं आळं करायचं. त्यात गायीचं पातळ, कोमट तूप ओतायचं. तुपाखाली डोळ्यांची सावकाश उघडझाप करायची. कोरडा डोळा तुपानं निवतो.

सोनाबाईनं पीठ आणलं, पण मळताना तिचा जीव तुटत होता. “एवढ्या पिठात घरादाराचं वडं झालं असतं.”

“मावशी, हे औषध आहे.”

“व्हय, दिसतंय की. तूपबी औषध, पीठबी औषध. मीठ तेवढं घालायचं ऱ्हायलं.”

मालन तुपाखालून म्हणाली, “आये, हसवू नगंस, तूप सांडतंय.”

तर्पणानंतर डोळा हळवा होतो. ऊन नको, वारा नको, धूर नको. मी मालनला चुलीपुढं बसायला मनाई केली.

“मंग भाकऱ्या कुनी थापायच्या?” सोनाबाईनं विचारलं.

“तुम्ही.”

“लय भारी औषध हाय तुमचं. दुखनं लेकीला आन् पथ्य मला.”

रात्री तळपायाला तूप चोळायला सांगितलं. ते दोघींनाही आवडलं. हळूहळू मालनच्या डोळ्यांची लाली उतरली. खुपणं थांबलं. मी खूश होतो.

एकदा आई बाहेर बायकांशी बोलत बसली होती, तेव्हा मालन हळूच म्हणाली, “डागदर, एक सांगू? मला रडू येनारच न्हाई.”

“का गं?”

“तिकडं, कराडच्या बाजूला, घराच्या मागं नदी हाय म्हनं. हितं टँकर आला की घागर घिऊन पळायचं, न्हाई मिळालं की भांडायचं. मला लय आनंद झालाय लग्नाचा. आईला सांगू नगा, वाईट वाटंल तिला.”

म्हणजे डोळे बरे झाले आणि तरी पाणी येणार नव्हतं. हे आता मला पक्कं ठाऊक होतं.

लग्न तोंडावर आलं तशी सोनाबाई पुन्हा आली. व्हरांड्यात तेच लोक, तसेच कान. “डोळं बेस झालं, पन पानी कुठं हाय? तुमी तर म्हनला हुता येईल.”

मी आत गेलो आणि तीक्ष्ण अंजनाची पुडी बांधली. अंजन, म्हणजे डोळ्यात घालायचं औषध, दोन तऱ्हेचं असतं. एक निववणारं, एक झोंबणारं. झोंबणाऱ्यात मिरे असतात. चिकट, जड झालेल्या डोळ्यातून पाणी काढायला ते वापरतात. कोरड्या, नुकत्या बऱ्या झालेल्या डोळ्यात ते घालणं म्हणजे जखमेवर तिखट चोळणं. मला हे माहीत होतं. तरी पुडी दिली. म्हणालो, “वाटं लावायच्या आधी, अगदी कणभर.”

ती गेली आणि मला घास गोड लागेना. रोज तिच्याकडे जाऊन पुडी परत मागायचं ठरवत होतो. रोज लाज आडवी येत होती. लग्नाच्या दिवशी मात्र दवाखाना उघडाच टाकून सायकल काढली.

पोचलो तर नवरी गाडीजवळ उभी. सोनाबाई लेकीच्या गळ्यात पडून रडत होती. साधं रडणं नव्हतं. डोळे सुजून बंद व्हायला आले होते, पाण्याची धार थांबत नव्हती. तिचं बघून जावा रडत होत्या, शेजारणी रडत होत्या, वराकडची एक म्हातारीही पदर डोळ्याला लावून म्हणत होती, “काय माया म्हनायची ही.”

मालनचे डोळे स्वच्छ, ना लाली, ना पाणी. ती आईचं तोंड पुसत होती. तिच्याकडे कुणी बघतच नव्हतं.

गाडी गेल्यावर मी सोनाबाईला बाजूला घेतलं. “मावशी, पुडी कुठाय?”

“ही काय, कंबरला. पोरीला भाकरीबी मी आदी चाखून देते. डोळ्यात घालायचं ते न बघता घालीन व्हय? सकाळी आदी माज्याच घालून बघितलं. आय आय गं. आंधळी झाली आसती पोर. तिला न्हाई घातलं.”

मी सगळं कबूल केलं. पाणी आणायचं औषध नसतं, मी फुशारकी मारली, पुडी द्यायला नको होती. तिनं सुजल्या डोळ्यांनी माझ्याकडे बघायचा प्रयत्न केला.

“गप बसा डागदर. वऱ्हाड म्हनत गेलं, लय मायाळू मानसं हायती. आता कुनाला बोलू नगा.”

मी पुडी घेतली आणि ओढ्यात टाकली. सोनाबाईच्या डोळ्यांवर दुधाच्या घड्या ठेवल्या. सूज उतरायला दोनतीन दिवस गेले. तेवढ्यात गावभर झालं की आयुर्वेदिक डागदराच्या औषधानं लेकीचंच काय, आईचंसुद्धा पाणी काढलं. दवाखान्यात गर्दी वाढली. ती गर्दी मला कधीच सुखाची वाटली नाही.

दिवाळीला मालन माहेरी आली, तेव्हा डोळे उत्तम होते. त्यात माझ्या तुपाचा वाटा किती आणि खडी फोडणं सुटल्याचा किती, हे मला सांगता येणार नाही. आई लेकीला सोडायला स्टँडवर आली आणि पुन्हा रडली. या वेळी पुडीशिवाय.

तेव्हापासून पेशंटला घेऊन कुणी आलं, की मी आधी त्या आणणाऱ्या माणसाला विचारतो, “तुम्हाला काय होतंय?” निम्मं काम तिथंच होतं.