थॉर्नस्टेड ईस्टच्या सुलभाबाई

सिंगापूरच्या बिशान भागातल्या मराठी मंडळींना सुलभाबाई मायदेव ठाऊक होत्या त्या शामकांत मायदेवांची बायको म्हणून. शामकांत मरीन इंजिनिअर. सगळा जन्म जहाजाच्या इंजिनाशी गेलेला, आवाज खणखणीत, चार माणसांत बसले की दोघांच्या वाटचं तेच बोलायचे. सुलभाबाई शेजारी बसून ऐकायच्या आणि कुणी काही विचारलं तर हसून नवऱ्याकडे बघायच्या. ह्या बाईनं कधी काळी भरलेल्या सभागृहात इंग्रजीतून भाषण केलं होतं आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या होत्या, हे तिथं कुणाला सांगूनही पटलं नसतं. त्यांनी ते कधी कुणाला सांगितलंही नव्हतं.

दोन हजार पंधराच्या जून महिन्यात शामकांत न्याहारी करता करता खुर्चीतून घसरले. उजवं अंग गेलं, वाचा गेली. मुलगा वरुण त्यांना घेऊन नोव्हेनाच्या हॉस्पिटलमध्ये धावला. जीव वाचला, पण तो खणखणीत आवाज काही परत आला नाही. घशातून नुसतं घुरघुरणं, आणि डोळ्यांत संताप. स्पीच थेरपी देणारी एक चिनी मुलगी रोज यायची. ती सुलभाबाईंना म्हणाली, "आंटी, यू टॉक टू हिम. ओल्ड टाइम, फॅमिली, एनीथिंग ऑल्सो कॅन."

सुलभाबाई बोलायला बसल्या खऱ्या, पण चार दिवसांत गप्पा संपल्या. नातीची शाळा झाली, सुनेची नोकरी झाली, रत्नागिरीच्या चुलत दिरांची खुशाली झाली. जुन्या काळाचं काय सांगणार? संसाराची पहिली बारा-तेरा वर्षं शामकांत निम्मं वर्ष समुद्रावरच असायचे. दोघांना मिळून आठवावं असं त्या काळातलं फार थोडं होतं.

जुलैअखेरची गोष्ट. सिंगापूरच्या निवडणुकीचे वारे वाहू लागले होते, मतदारसंघांच्या नव्या हद्दी जाहीर झाल्या होत्या. वरुण वडिलांच्या पलंगाशी उभा राहून फोनवर बातमी वाचत होता.

"आई, हे बघ. ह्या हॉस्पिटलच्या भागातला मतदारसंघच काढून टाकलाय. तुकडे करून आजूबाजूला वाटलेत."

सुलभाबाई नवऱ्याचे ओठ पुसत होत्या. हात न थांबवता म्हणाल्या, "आमचाही असाच काढला होता."

"तुमचा? रत्नागिरीचा?"

"नाही रे. जा तू, ऑफिसला उशीर होईल."

वरुण गेला. पण तो शब्द तोंडून निघून गेला होता, आणि सुलभाबाईंनी वळून पाहिलं तर शामकांत त्यांच्याकडे टक लावून बघत होते. त्यांनी खुर्ची पुढे ओढली.

"अहो," त्या म्हणाल्या, "तुम्हाला थॉर्नस्टेड आठवतं का?"

थॉर्नस्टेड म्हणजे इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावरचं एक जहाजबांधणीचं गाव. लग्नानंतर दोन वर्षांनी, एकाहत्तर साली, शामकांतच्या कंपनीनं त्यांना तिथं घर दिलं. महिन्याभरात ते बोटीवर निघून गेले आणि चोवीस वर्षांची सुलभा त्या धुरकट गल्लीत एकटी उरली. भिंतीला भिंत लागून डोरिस राहायची. गोदी कामगाराची विधवा, साठीची, पायानं अधू, तोंडानं फटकळ. तिनंच सुलभाला कोळसा पेटवायला शिकवलं, आणि एक दिवस दारावर मतदारयादीवाला आला तेव्हा त्याला थांबवून ठेवून तिनंच सुलभाला हाक मारली.

"मी तर भारताची नागरिक," सुलभा म्हणाली होती.

"म्हणजे राष्ट्रकुलातलीच ना? मग इथं राहतेस तोवर इथं मत आहे तुला. कायदा आहे तसा," डोरिस म्हणाली. "आमच्या राजांनी दीडशे वर्षं तुमच्यावर राज्य केलं, तेव्हा तुम्हाला विचारलं होतं का कुणी? आता तू सांग आमच्या पार्लमेंटात कोण बसेल ते."

डोरिसला आपल्या मतदारसंघाचा इतिहास तोंडपाठ होता. थॉर्नस्टेड ईस्ट. पहिलं महायुद्ध संपल्यावर गोदीच्या गल्ल्यांसाठी नव्यानं काढलेली जागा. आधी उदारमतवाल्यांकडे, मग मजूर पक्षाकडे. एकतीस साली बेकारीच्या लाटेत हुजूर पक्षाचा एक दारूभट्टीवाला निवडून आला, त्याचं नाव घेताना डोरिस चाळीस वर्षांनीही थुंकायची. पंचेचाळीस साली जागा मजूर पक्षाकडे परत आली ती घट्ट बसली. डोरिसचा नवरा त्या निवडणुकीत घरोघर फिरला होता. तो गेल्यावर तिचे पाय चालेनात, म्हणून तिनं सुलभाचे पाय कामाला लावले.

हे सगळं सुलभाबाई पलंगाशी बसून सांगत राहिल्या. रोज थोडं थोडं. साडीवर कोट चढवून दारं कशी ठोठावली, कुणी तोंडावर दार कसं आपटलं, कुणी आत बोलावून चहा कसा पाजला. चौऱ्याहत्तरच्या फेब्रुवारीत, कोळशाच्या तंट्यामुळे विजेचीसुद्धा टंचाई असताना, जागा जाते की राहते अशी वेळ आली होती. संध्याकाळी मतदान संपत आलेलं असताना त्यांनी एका आजारी म्हातारीला चाकाच्या खुर्चीत घालून गारठ्यातून केंद्रावर नेलं. मोजणी तीनदा झाली. त्यांचा उमेदवार सतरा मतांनी आला.

"त्या सतरांत माझं एक होतं," त्या म्हणाल्या. "तुम्ही तेव्हा ब्राझीलच्या वाटेवर होतात."

शामकांतच्या चेहऱ्याची डावी बाजू हलली. हसू होतं ते. थेरपीवाली मुलगी खूश झाली. "व्हेरी गुड, आंटी! कंटिन्यू, कंटिन्यू."

पुढचं सांगावं की नाही, ह्यावर सुलभाबाई दोन दिवस अडल्या. पण तेहतीस वर्षं पोटात ठेवलेली गोष्ट एकदा ओठांवर आली की मागे जात नाही.

गोद्या एकेक करून बंद पडत गेल्या. माणसं कामासाठी दुसरीकडे निघाली, दर निवडणुकीला यादी रोडावत गेली. ब्याऐंशीच्या वसंतात नगरपरिषदेची निवडणूक होती. डोरिसच्या वॉर्डातला जुना सभासद थकला होता आणि मजूर पक्षाच्या लोकांनी सुलभाला उभं करायचं ठरवलं; मताबरोबर उभं राहण्याचा हक्कही तिला होता. कामगार क्लबच्या सभागृहात तिनं भाषण केलं. ती म्हणाली, "माझा नवरा तुमच्या गावात बांधलेलं जहाज चालवतो. मी तुमच्या दारांवर दहा वर्षं हात दुखेपर्यंत थापा मारल्यात. आता तुम्ही मला आत घ्या." लोक उठून उभे राहिले. डोरिस काठी आपटत होती.

त्याच आठवड्यात शामकांत घरी आले. अंगावर कोट तसाच, दारातूनच ओरडले, "सुलभा, सिंगापूर! किनाऱ्यावरची नोकरी! आता बोट नाही, काही नाही. रोज संध्याकाळी घरी!" त्यांनी तिला उचलून गोल फिरवलं. तिला तिसरा महिना होता. दोन वेळा दिवस राहून पडून गेलं होतं, दोन्ही वेळा ते दूर समुद्रात होते. त्या आनंदापुढे तिनं सामान बांधायला घेतलं.

"तुम्हाला त्या उमेदवारीचं मी सांगितलंच नाही," सुलभाबाई म्हणाल्या. "डोरिस म्हणाली, सांग तरी त्याला. मी म्हटलं, सांगून काय करू? तुम्ही थांबला असतात तर नोकरी गेली असती, नसतात थांबला तर मला ते कायमचं लागलं असतं. माझ्या जागी दुसऱ्या कुणाला उभं केलं. पुढच्या वर्षी तर थॉर्नस्टेड ईस्टच गेला. डोरिसनं फोन करून सांगितलं. दोन गल्ल्या इकडे, चार तिकडे. म्हणाली, नवरा गेला तेव्हाही मी अशी रडले नव्हते."

शामकांतचे ओठ जुळवाजुळव करू लागले. मानेच्या शिरा ताणल्या गेल्या. सुलभाबाई पुढे वाकल्या.

"जिं... जिंक... ली..." श्वास. "असतीस?"

आजारपणानंतरचं त्यांचं पहिलं वाक्य. खोटं बोलणं सोपं होतं. कुणास ठाऊक, पडले असते, असं म्हणता आलं असतं. पण थॉर्नस्टेड ईस्टच्या त्या वॉर्डात मजूर पक्षाचा उमेदवार पडल्याचं कुणी ऐकलं नव्हतं.

"हो," त्या म्हणाल्या. "जिंकले असते."

शामकांतनी मान फिरवली. डाव्या हातानं चादर छातीपर्यंत ओढली आणि भिंतीकडे बघत राहिले. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते त्यांनी पुसू दिलं नाही. त्या दिवसानंतर ते पुन्हा बोलले नाहीत. थेरपीवाली मुलगी यायची, अक्षरांची चित्रं दाखवायची, ते डोळे मिटून घ्यायचे. सुलभाबाईंनी हात हातात घेतला की घेऊ द्यायचे, पण बोटं दाबायचे नाहीत. ते रागावले होते, की लाजले होते, की नुसते थकले होते? सुलभाबाईंनी समजावून पाहिलं. "अहो, मी तक्रार करत नव्हते हो. तुम्ही रोज संध्याकाळी घरी आलात, तेच मला हवं होतं." ऑगस्टच्या मध्यावर दुसरा झटका आला आणि शामकांत गेले.

दिवस उरकले. सप्टेंबर उजाडला. ब्लॉकखाली झेंडे लागले, खांबांवर उमेदवारांचे हसरे चेहरे चढले. एका संध्याकाळी सुलभाबाई चपला घालून दाराशी उभ्या राहिल्या.

"आंग मो किओला सभा आहे ना कसली तरी? मी जाऊन येते."

वरुण चमकला. "आई, बाबांना जाऊन महिना नाही झाला. आणि तू सिटिझन नाहीस, परदेशी माणसांना इथं राजकारणात भाग घेता येत नाही. कशाला त्या भानगडीत पडतेस?"

"भानगड नाही करत. लांबून ऐकते फक्त."

"पण का?"

सुलभाबाई दाराची कडी धरून उभ्या होत्या. मुलाला त्यांनी सारं सांगितलं, जेमतेम पाच-सहा वाक्यांत, एखाद्या परक्या बाईची हकिगत सांगावी तसं. शेवटी म्हणाल्या, "बाबांना हॉस्पिटलात सांगितलं. सांगायला नको होतं. त्यानंतर ते बोललेच नाहीत माझ्याशी."

वरुणनं हातातला फोन खाली ठेवला. "मी पोटात होतो तेव्हा?"

"त्यात तुझा काय दोष, बाळा?"

सहा वर्षांची नात इरा टीव्हीसमोरून सिंगापुरी ढंगात ओरडली, "आजी, डोन्ट क्राय लाह!"

वरुण आईबरोबर निघाला. मैदान चिखलानं भरलेलं होतं, प्लॅस्टिकच्या खुर्च्या रुतल्या होत्या, शिट्ट्या, भोंगे, चार भाषांतल्या घोषणा. सुलभाबाई कडेला कुंपणाशी उभ्या राहिल्या. एक तरुण बाई मंचावर आली. पहिलीच वेळ असावी, हातातल्या कागदावरची नजर वर येत नव्हती. दोन वाक्यांवर अडखळली. मागून कुणीतरी हसलं.

"कागद ठेव गं खाली," सुलभाबाई मराठीत पुटपुटल्या. "माणसांकडे बघ."

त्या बाईनं कागद खाली ठेवला नाही. तशीच वाचत राहिली, खालमानेनं. पण शेवटी शेवटी आवाज स्थिरावला आणि लोकांनी टाळ्या दिल्या. सुलभाबाईंचे हात वर आले आणि तसेच राहिले. टाळी वाजवणं नियमात बसतं की नाही, त्यांना कळेना. वरुणनं ते हात आपल्या हातात घेतले. आई इतकी हलकी आहे, हे त्याला तेव्हा जाणवलं.

मतदानाच्या दिवशी सकाळी तो ब्लॉकशेजारच्या शाळेत मत देऊन आला. सुलभाबाई शामकांतचे शर्ट घड्या घालून पिशवीत भरत होत्या. देऊन टाकायचे होते.

"रांग मोठी होती का?" त्यांनी विचारलं.

"होती बरीच."

"म्हाताऱ्या माणसांना बसायला खुर्च्या ठेवल्या होत्या?"

"हो आई. ठेवल्या होत्या."

"बरं केलं," त्या म्हणाल्या आणि पुढचा शर्ट उचलला.